मोल्सवर्थ: शब्द अँग्लो-सॅक्सन, घराणं मात्र नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचं आडनाव 'अँग्लो-सॅक्सन' असल्याचं तुम्ही कुठेतरी वाचलंत. तिथेच लाल ढाल, सोनेरी क्रॉस आणि खाली लॅटिन बोधवाक्य असलेलं 'मोल्सवर्थ घराण्याचं मानचिन्ह' चौकटीसकट विकायलाही होतं. तर या नावाचा अर्थ काय, हे घराणं खरोखर हजार-बाराशे वर्षं मागे जातं का, आणि आपले कोशकार त्यात कुठे बसतात?

आधी सरळ उत्तर देतो. 'मोल्सवर्थ' हा शब्द अँग्लो-सॅक्सन, म्हणजे १०६६ साली नॉर्मन येण्याआधी इंग्लंडवर राज्य करणाऱ्या लोकांच्या भाषेतला आहे, यात शंका नाही. पण ते मुळात गावाचं नाव आहे, कुळाचं नव्हे. आडनाव म्हणून ते वापरात आलं तेव्हा अँग्लो-सॅक्सन राजवट बुडून दोन-चार पिढ्या सहज उलटल्या होत्या. मानचिन्ह खरं आहे, पण ते एका शाखेचं आहे, आडनावाचं नाही. इंग्लंडमधली जुनी दप्तरं वाचून वारस आणि वंशावळी लावणं हेच माझं काम. 'आडनाव अँग्लो-सॅक्सन, म्हणजे आम्ही अँग्लो-सॅक्सन' हे वाक्य ऐकल्याशिवाय महिना जात नाही, म्हणून जरा बैजवार सांगतो.

केंब्रिजशायरच्या पश्चिम कडेला, नॉर्थॅम्प्टनशायरच्या हद्दीला लागून मोल्सवर्थ नावाचं लहानसं खेडं आहे. इंग्रजांना ते आज आठवतं ते शेजारच्या विमानतळामुळे. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं आणि कुंपणाबाहेर निदर्शकांनी तळ ठोकला. हा भाग पूर्वी हंटिंग्डनशायर या स्वतंत्र काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात होता. १९६५ साली ती काउंटी पीटरबरोला जोडली गेली आणि १९७४ साली सगळंच केंब्रिजशायरमध्ये गेलं. शोध घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण जुने कागद केंब्रिजशायरच्या नावाखाली धुंडाळत बसलात तर हाती काही लागणार नाही.

१०८६ साली विल्यम राजाने सगळ्या इंग्लंडची जमीनमोजणी करून घेतली. त्या डूम्सडे दप्तरात हे गाव 'मोलेसवर्दे' असं नोंदलेलं आहे. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला 'मूल', हे एका माणसाचं नाव. त्याला जोडलेला 'एस' म्हणजे जुन्या इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय. दुसरा 'वर्थ', म्हणजे कुंपण घातलेली जागा, चारी बाजूंनी बांध घातलेली शेतवाडी. एकूण अर्थ 'मूलची वाडी'. लंडनमधलं वँड्सवर्थ याच घाटाचं: ती वेंडल नावाच्या माणसाची वाडी. कवी वर्ड्सवर्थ यांचं आडनाव यॉर्कशायरमधल्या वॉड्सवर्थ गावावरून आलं, तेही याच जातीचं. 'वर्थ'च्या आधी बहुतेक वेळा माणसाचं नाव असतं, कारण हा शब्द मोठ्या वस्तीसाठी नव्हे, एकेका कुटुंबाच्या वाडीसाठी वापरला जाई. पुढे वाडीचं गाव झालं, वाडीचा मालक विस्मरणात गेला आणि नाव तेवढं राहिलं.

हा मूल कोण, कधीचा, हे विचारू नका. वाडीला नाव देण्यापलीकडे त्याने कागदावर काही ठेवलेलं नाही. पण नाव गमतीचं आहे. जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर, आणि हा शब्द लॅटिनमधून आलेला. दोन जातींच्या संकरातून झालेला प्राणी, म्हणून मिश्र आई-बापांच्या मुलाला हे टोपणनाव पडत असावं. हे नाव धारण करणारा एक राजाही होऊन गेला. तेव्हा इंग्लंडात अनेक छोटी राज्यं होती; त्यातल्या वेसेक्सच्या कॅडवाला राजाचा भाऊ मूल शेजारच्या केंटच्या गादीवर बसला आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जिवंत जाळलं. सात वर्षांनी, ६९४ साली, केंटवाल्यांनी वेसेक्सच्या इने राजाला त्या खुनाची भरपाई मोजून दिली; जुन्या बखरीत तो आकडा 'तीस हजार' असा आहे. माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या दर्जाप्रमाणे ठरवून खून मिटवायचा, अशी तेव्हाची रीत होती. 'कॅडवाला' हे नाव वेल्श-ब्रिटिश वळणाचं आणि भावाचं नाव 'खेचर', यावरून या भावांची आई ब्रिटिश असावी असा तर्क अभ्यासक करतात. आपल्या वाडीवाल्या मूलचा या राजाशी संबंध जोडायचं काही कारण नाही, तरी विक्रीच्या पत्रकांमधून तो हमखास जोडलेला दिसतो.

आता 'मूल'चा 'मोल' कसा झाला? इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण आमच्या कामात अर्थाइतकीच लिपी महत्त्वाची. त्या काळच्या हस्ताक्षरात एम, एन, यू आणि आय ही सगळी अक्षरं एकसारख्या उभ्या फाट्यांनी लिहीत. एमचे तीन फाटे, यूचे दोन. 'मू' लिहायचं तर ओळीने पाच फाटे, आणि त्यातला एम कुठे संपला आणि यू कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. यावर नॉर्मन, म्हणजे १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या राज्यकर्त्यांच्या, लेखनिकांनी तोड काढली. अशा जागी यू न लिहिता गोल ओ लिहायचा. 'सन', 'मंक', 'कम' या शब्दांत उच्चार 'अ'चा असून आज ओ लिहिला जातो, तो यामुळेच. मोल्सवर्थमधला ओ याच खोडीतून आला असणार. शेवटचा 'थ' नॉर्मनांच्या जिभेला आणि लेखणीलाही जड जायचा, म्हणून डूम्सडेत 'वर्थ'चं 'वर्दे' झालं. पुढच्या काळात 'मुल्सवर्थ', 'मुल्लेस्वर्थ' अशी रूपं भेटली तर ती चुकीची म्हणून बाजूला टाकू नका. मूळ उच्चाराला कधीकधी तीच जवळची असतात.

इथवर झालं ते शब्दाचं. आता घराण्याकडे येऊ.

अँग्लो-सॅक्सन लोकांना आडनावं नव्हतीच. राजापासून गुराख्यापर्यंत प्रत्येकाला एकच नाव. ते बहुधा दोन शब्दांचं जोडनाव असे: 'एड' म्हणजे संपत्ती आणि 'वर्ड' म्हणजे रक्षक, मिळून एडवर्ड, 'गॉड' आणि 'विने' म्हणजे मित्र, मिळून गॉडविन. नात्यातली माणसं ओळखू यावीत यासाठी आडनावाऐवजी नावाचे तुकडे वाटून घेत. वूस्टरचा बिशप वुल्फस्टन याच्या बापाचं नाव एथेलस्टन आणि आईचं वुल्फगिफू. पोराच्या नावात आईकडचा 'वुल्फ' आणि बापाकडचा 'स्टन'. वेसेक्सच्या राजघराण्यात एथेलवुल्फची मुलं एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि अ‍ॅल्फ्रेड. रीत छान आहे, पण तिने कूळ शंभर वर्षंही पुढे जात नाही. तुकडे बदलत जातात आणि नातवाच्या नावात आजोबाचं काहीच उरत नाही. ओळखीसाठी 'लांडा', 'पांढरा', 'अमक्याचा मुलगा' अशी विशेषणं लागत, पण ती माणसाबरोबर संपत. म्हणूनच 'आमचं अँग्लो-सॅक्सन घराणं' असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, 'दाखला कशातून काढलात?' आडनावाच्या आधाराने तो निघूच शकत नाही. इंग्लंडमध्ये १०६६ च्या आधीपासून आजपर्यंत बापाकडून मुलाकडे सलग लागलेली, कागदाने सिद्ध होणारी वंशावळ सांगणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, आणि त्यांच्यावरही वाद आहेत.

१०६६ साली नॉर्मन आले आणि दोन गोष्टी घडल्या. एक, नॉर्मन सरदारांना आपल्या फ्रान्समधल्या गढ्यांची नावं लावायची सवय होती: पर्सी, मँडव्हिल, माँटगोमेरी. जमीन वारशाने जायची, तसं जमिनीचं नावही जायला लागलं. दुसरी गोष्ट सामान्यांच्या घरात घडली. तीन-चार पिढ्यांत इंग्रजांनी आपली जुनी नावं टाकून राज्यकर्त्यांची उचलली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, आणि चर्चमधून आलेला जॉन. प्रत्येक गावात पाच-सहा विल्यम आणि तितकेच जॉन झाले. सारा वसूल करणाऱ्या कारकुनाने करायचं काय? मग 'गिरणीवाला जॉन', 'टेकडीजवळचा जॉन', 'मोल्सवर्थहून आलेला जॉन' अशी लिहिण्याची पद्धत पडली. ही जोडनावं वंशपरंपरेने चालू लागायला आणखी बराच काळ गेला. मोठ्या जमीनदारांत साधारण १२५० पर्यंत, दक्षिणेतल्या सामान्य लोकांत १३५० च्या आसपास, उत्तरेकडे त्याहून उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या पाहिल्या तर ही घडण चालू असतानाच दिसते. एकाच पानावर कुणाला पक्कं आडनाव आहे, तर कुणी अजून नुसता 'रॉबर्टचा नोकर'.

गावावरून पडलेल्या आडनावात एक मेख आहे आणि मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही: पुण्यात राहणाऱ्याला पुण्यातच कुणी 'पुणेकर' म्हणत नाही, तो साताऱ्याला गेला की म्हणतात. मोल्सवर्थमध्ये राहणाऱ्या साध्या कुणब्याचं आडनाव मोल्सवर्थ होणं कठीण. गाव सोडून गेलेल्याचं सहज होणार. याला अपवाद जहागीरदाराचा. गाव त्याच्या मालकीचं, म्हणून तो तिथेच राहूनही 'डी मोल्सवर्थ'. म्हणजे हे नाव तेराव्या शतकात एकाच वेळी दोन टोकांच्या माणसांना लागू शकत होतं: गावाच्या मालकाला, आणि त्याच मालकाच्या वेठीतून सुटून नॉर्थॅम्प्टनच्या बाजारात आलेल्याला. दोघांचं रक्ताचं नातं असायची गरज नाही. लॅटिन कागदातला तो 'डी' पाहूनही फुशारायचं कारण नाही. त्याचा अर्थ फक्त 'इथला'. मोची आणि सरदार दोघांच्या नावात तो सापडतो, आणि पंधराव्या शतकापर्यंत जवळजवळ सगळीकडून गळून पडतो.

आणखी एक खड्डा आहे. चेशायरमध्ये, चेस्टर शहराच्या पूर्वेला, मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे. तिथला पहिला भाग माणसाचं नाव नव्हे. 'मोल्डा' म्हणजे डोक्यासारखा उंचवटा, टेकाड. बाराव्या शतकातल्या कागदात ते 'मोल्डेवर्थे' आहे. त्या गावचा माणूस लँकेशायरकडे गेला आणि बाप्तिस्म्याची नोंद करणाऱ्या पाद्र्याने 'ड' खाल्ला, की झाला तोही मोल्सवर्थ. त्यामुळे वायव्य इंग्लंडमधल्या मोल्सवर्थचं मूळ सांगण्याआधी सतराव्या-अठराव्या शतकातली स्पेलिंगं ओळीने मांडून पाहावीत. त्यात मधूनच 'ड' डोकावला, तर हंटिंग्डनशायरचा रस्ता सोडून द्यावा.

आता ज्यांच्यामुळे हे नाव पुस्तकांत गाजलं त्या घराण्याकडे येतो. सरदारांच्या वंशावळींची जाड पुस्तकं याची सुरुवात सर वॉल्टर डी मोल्सवर्थपासून करतात. १२७० साली राजपुत्र एडवर्डबरोबर तो धर्मयुद्धाला पॅलेस्टाइनला गेला, असं ती सांगतात. पुढे एडवर्ड राजा झाल्यावर तो बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ, म्हणजे काउंटीत राजाचा कारभार पाहणारा अधिकारी होता. शेरीफपद हा सरकारी दप्तराचा मामला. धर्मयुद्धाची गोष्ट मात्र मी घराण्याची आख्यायिका म्हणूनच वाचतो. ढालीवर आठ क्रॉस आहेत आणि क्रॉस दिसले की नंतरच्या पिढ्यांना धर्मयुद्ध आठवतं. इंग्लंडभर अशा गोष्टी आहेत. वॉल्टरपासून ट्यूडर राजांच्या काळापर्यंतचा, म्हणजे सोळाव्या शतकापर्यंतचा, मधला जिना जुन्या वंशावळींत ज्या पायऱ्यांनी बांधलेला असतो, त्या मानचिन्हांच्या अधिकाऱ्यांनी १५३० ते १६८८ या काळात काउंटी-काउंटीत फिरून घेतलेल्या जबान्यांवर उभ्या असतात. अधिकारी दारात यायचा आणि घरातला कर्ता सांगेल ते टिपून घ्यायचा. आजोबा-पणजोबापर्यंत अशी जबानी विश्वासाची. त्याच्या मागे ती घराण्याच्या हौसेवर चालते.

एलिझाबेथ राणीच्या काळापासून मात्र जमीन पक्की लागते. जॉन मोल्सवर्थ नावाचा गृहस्थ कॉर्नवॉलच्या सरकारी जहागिरीचा हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला, हेंडर घराण्याच्या वारसदार मुलीशी लग्न केलं आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे स्थायिक झाला. हेंडरांचं आडनाव तिथे बुडालं, पण पुढे मोल्सवर्थांच्या पोरांचं पहिलं नाव होऊन परत आलं. हे आमच्यासाठी सोन्याचं कलम. इंग्रज घरात कुणाचं पहिलं नाव आडनावासारखं वाटलं तर आधी आई-आजीच्या माहेरी चौकशी करावी. असाच एक सर हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा गव्हर्नर होता, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्याही होता, आणि १६८९ साली त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. कॅरिबियन बेटांवर इंग्रजी आडनावाची माणसं भेटतात तेव्हा हा भाग डोळ्यांआड करून चालत नाही. १८३० च्या दशकात मुक्त झालेल्या कित्येकांच्या नावापुढे मळ्याच्या मालकाचं किंवा मुकादमाचं आडनाव लागलं. तिथे आडनाव सांगतं ते कुणाच्या दप्तरात नोंद होती हे. वंशाबद्दल ते काहीच बोलत नाही.

पेनकॅरोच्याच सर विल्यमने, आठव्या बॅरोनेटने, तत्त्ववेत्ता हॉब्सचं समग्र लेखन १८३९ ते १८४५ या काळात छापून काढलं, कैद्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्याच्या पद्धतीविरुद्ध पार्लमेंटच्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं, आणि १८५५ साली वसाहतमंत्री होऊन काही महिन्यांतच वारला. न्यूझीलंडची पार्लमेंट ज्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे तो रस्ता त्याच्याच नावाचा. गंमत पाहा: कुंपणवाडीवरून माणसाला नाव पडलं आणि पाच-सहाशे वर्षांनी माणसावरून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या रस्त्याला. पुढे या शाखेत सेंट ऑबिन घराण्याची इस्टेट वारशाने आली आणि तिच्यासोबत नावही घ्यावं लागलं, म्हणून पेनकॅरोवाले आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन आहेत. अशी इस्टेटीसाठी घेतलेली आडनावं वंशावळीत नेहमी चकवतात. मुलगा बापाचा, आडनाव मामाचं.

आयर्लंडची शाखा वेगळी. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा रॉबर्ट मोल्सवर्थ या डब्लिनच्या व्यापाऱ्याला मीथ काउंटीत जमीन मिळाली. १६५६ साली तो वारला आणि त्याच वर्षी त्याच्या मुलाचा, दुसऱ्या रॉबर्टचा जन्म झाला. हा मुलगा डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता. परतल्यावर त्याने त्या देशातल्या अनियंत्रित राजेशाहीवर असं झोंबणारं पुस्तक लिहिलं की डेन्मार्कने अधिकृत निषेध नोंदवला. १७१६ साली तो व्हायकाउंट झाला, म्हणजे त्याला वंशपरंपरागत सरदारकी मिळाली. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ च्या रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरोचा तैनाती अधिकारी होता. सेनापती घोड्यावरून पडला तेव्हा याने आपला घोडा पुढे करून त्याला वाचवलं. याच रिचर्डची मुलगी मेरी. तिचा नवरा, पुढे बेल्व्हेडिअरचा अर्ल झालेला, त्याने तिच्यावर आपल्याच भावाशी संबंध असल्याचा आरोप ठेवून तिला एका वाड्यात जवळजवळ तीस वर्षं कोंडून ठेवलं. १७७४ साली तो मेला तेव्हा ती सुटली. वंशावळीच्या पुस्तकात तिच्या नावापुढे लग्नाचं साल, मुलं आणि मृत्यू एवढंच भरतं, म्हणून ही एवढी ओळ इथे लिहिली.

त्या विक्रीच्या मानचिन्हावर लाल ढाल, मधे निळ्या-पांढऱ्या नक्षीची छोटी ढाल, भोवती आठ सोनेरी क्रॉस, आणि 'देशप्रेमाचा जय होतो' या अर्थाचं लॅटिन वाक्य असेल, तर ते या व्हायकाउंट घराण्याचं. इंग्लंडच्या कायद्यात मानचिन्ह आडनावाला कधीच मिळत नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या पुरुष वारसांकडे जातं. आडनाव तेच असून वंश सिद्ध नसेल, तर मिरवण्याचा हक्क शून्य. मानचिन्हांचा कारभार पाहणारी लंडनची संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून हेच सांगत आलीय. शिवाय ढालींवर वंशपरंपरागत चिन्हं रंगवण्याची पद्धतच मुळी बाराव्या शतकातली. 'अँग्लो-सॅक्सन मानचिन्ह' असं कुणी म्हणालं तर तिथेच बोलणं संपवावं.

भारताकडे या आडनावाची दोन माणसं लक्षात राहण्यासारखी आली. अभियंत्यांना ठाऊक असलेले सर गिल्फर्ड मोल्सवर्थ. सिलोनची रेल्वे उभारून १८७१ नंतर ते भारत सरकारच्या रेल्वेचे सल्लागार अभियंता झाले, आणि त्यांचं खिशात मावणारं सूत्रांचं पुस्तक, १८६२ साली पहिल्यांदा निघालेलं, कित्येक पिढ्यांच्या इंजिनिअरांनी वापरलं. त्यांचे वडील रॉचडेलचे पाद्री, पहिल्या व्हायकाउंटचे पणतू. म्हणजे त्यांची साखळी स्वच्छ लागते. दुसरे आपले कोशकार. जन्म १७९५, कंपनीच्या मुंबई फौजेत कोवळ्या वयात दाखल, मग कॅंडी बंधूंच्या आणि शास्त्र्यांच्या मदतीने १८३१ चा कोश, आणि १८५७ ची वाढवलेली आवृत्ती, जी १९७५ साली पुण्यात पुन्हा छापली गेली. 'मोल्सवर्थ काढून बघ' म्हणताना आपण माणसाचं नाव घेतोय हे आता कुणाच्या मनातही येत नाही.

त्यांना कुठल्या शाखेला जोडायचं, हे आडनाव पाहून ठरवू नका. कागद मागवा. कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून घेताना अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. चर्चच्या वहीत नोंद सापडली नाही तर शपथपत्र. हे 'कॅडेट पेपर्स' लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदी त्याच दप्तरात वेगळ्या मालिकेत. दाखल्यावर चर्चचं नाव असतं. तिथून त्या गावच्या मूळ वहीकडे जायचं. १८१३ च्या आधीच्या वहीत छापील रकाने नाहीत, त्यामुळे १७९५ च्या नोंदीत आई-बापांची नावं मिळतात, बापाचा धंदा बहुधा मिळत नाही. तो मृत्युपत्रातून काढावा लागतो. बापाच्या मृत्युपत्रात 'माझा मुलगा, मुंबईच्या फौजेत' अशी एक ओळ सापडली तर अर्धं काम झालं.

धागा आयर्लंडकडे वळला तर अडचण येईल हे आधीच सांगून ठेवतो. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत यादवी युद्धात स्फोट होऊन आग लागली आणि शेकडो चर्चच्या वह्या आणि मृत्युपत्रांची सरकारी दप्तरं जळून गेली. तिथे मग जमिनीच्या खरेदी-विक्रीची नोंदणी कामाला येते. डब्लिनचं ते कार्यालय १७०८ पासून चालू आहे आणि आगीतून वाचलं. त्यात 'अमक्याचा तिसरा मुलगा' अशा धर्तीची वाक्यं मुबलक असतात, कारण वाटणी लिहायची तर नातं लिहावंच लागतं.

डीएनए चाचणीबद्दलही लोक विचारतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच, म्हणून दोन मोल्सवर्थ पुरुषांची तुलना करता येते. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांवर असा अभ्यास केला आणि जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच घाटाचं निघालं. बाकीच्यांच्या मागे दत्तकविधान, विवाहबाह्य मुलं, नाव बदलणं, नाहीतर मुळातच वेगळा पूर्वज. पण चाचणी फक्त दोघे एक की वेगळे एवढंच सांगते. ती हंटिंग्डनशायरचं गाव दाखवत नाही आणि सर वॉल्टर तर मुळीच नाही. तेव्हा कागद हातात येऊन दोन शाखांचे हयात पुरुष सापडल्याशिवाय तिच्यावर पैसे घालू नका, आणि मुलीच्या वंशातून आलेल्यांनी तर वाय चाचणीच्या वाटेलाच जाऊ नये. त्यांच्या उपयोगाची चाचणी वेगळी आहे.